दुधाचा पाना

माझ्या सासूबाई केसरबाई देऊळघाटात सायकली दुरुस्त करतात. सासरे गेले तेव्हा दुकानाला आता कुलूप लागणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बाईंनी पदर खोचला आणि पाना हातात घेतला. जीभ मात्र त्या पान्याहून कडक. त्यांचे आभार तोंडावर मानले तर मलाच झापतील, म्हणून इथे मानते.

माझ्या मुलाच्या, प्रसेनजितच्या बाळंतपणातली गोष्ट. बाळंतिणीने दोन्ही वेळा पेलाभर दूध प्यायचंच, हा आमच्या घरचा कायदा. पेला रिकामा केला की माझं पोट फुगायचं, मुरडा यायचा, जुलाब व्हायचे. मी वाळून काडी झाले. अंगावरचं दूध आटायला लागलं आणि पोर भुकेनं रडायला लागलं.

सासूबाईंनी निदान केलं, "इले पांढरं बाधते!" दुधासोबत दही गेलं, भात गेला, साखर गेली. पांढरी म्हणून ज्वारीची भाकरसुद्धा गेली! जुलाब थांबले, पण ताटात राहिलं फक्त वरण. अंगावरचं दूध काही वाढेना. तेव्हा घाबरून त्यांनीच मला बुलढाण्याला डॉक्टर अनुपमाताईंकडे नेलं.

ताई म्हणाल्या, "दुधात एक वेगळी साखर असते. ती फोडायला आतड्यात तिचंच विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. मोठेपणी ते बऱ्याच जणांचं कमी होतं, तसं हिचं झालंय. भाताचं विकर शाबूत आहे, पण ते दुधाच्या साखरेला फोडू शकत नाही. तिचा आकार त्याच्यात बसतच नाही."

"म्हंजे पान्यावानी! दहाचा पाना बाराच्या नटाले लागत नाही."

"अगदी तसंच."

"अन् लेकराले इचं दूध चालते?"

"बाळाकडे तो पाना भरपूर असतो. हिला पोटभर जेवू द्या. दही-ताकही थोडं थोडं देऊन बघा. दह्यातले जिवाणू ती साखर थोडी आधीच फोडून ठेवतात."

"मंग भात-भाकर काऊन बंद केली मी?" असं म्हणत सासूबाईंनी कपाळावर हात मारला. घरी आल्याबरोबर त्यांनी भाताचं आधण ठेवलं. हळूहळू माझ्या अंगात ताकद आली आणि पोर पोटभर पिऊन झोपायला लागलं.

मग बुद्धपौर्णिमा आली. विहारात खीर वाटली जात होती. शेजारच्या महामायाताईंनी वाटी पुढे केली. मी मागे सरले, तशा त्या म्हणाल्या, "आजच्या खिरीले नाही म्हणते व?"

"तिच्यापाशी दुधाचा पाना नाही!" सासूबाई पलीकडून गरजल्या. "तिची येगळी हाये."

त्यांनी पिशवीतून डबा काढला. पाण्यात शिजवलेली गव्हाची खीर होती, गूळ घातलेली. माहेर सोडल्यापासून माझ्यासाठी कोणी वेगळं काही रांधलं नव्हतं. मला तिथेच रडू आलं.

मला वाटी देऊन त्यांनी त्याच डब्यातून स्वतःसाठीही वाढून घेतलं.

"आई, तुम्ही दुधाची घ्या ना."

"मले बी नाही पचत व," त्या हळूच म्हणाल्या. "लग्न झालं तवापासून पोट दाबून पित आली. सारे म्हनत, नखरे करते. मले कोनी बुलढाण्याले नेलं नाही."

मी डबा माझ्याकडे ओढला आणि त्यांची वाटी काठोकाठ भरली.