हिरवं लुगडं

आत्या गेली त्या सकाळी मी बाबांना फोन केला. तिने माझ्यावर तेवढंच काम सोपवलं होतं.

"मी मेली का तुह्या बापाले एक फोन करजो," ती म्हणायची. "लुगडं आणता का, इचारजो. नाई म्हणला तं वाद घालू नोको."

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते भाऊ आणतो. भाऊ आला नाही म्हणून प्रेत अडत नाही, शेजारचं कोणीतरी नवं कापड टाकतं. पण मग ती बाई माहेर नसलेली म्हणून जाते. आत्याला तसं जायचं नव्हतं. बाकी कशाचीच तिला फिकीर उरली नव्हती.

ती देवळीहून गेली तेव्हा सतराची होती. नागपूरला एका नाचाच्या स्पर्धेत कोणीतरी तिला पाहिलं आणि तिथून ती परस्पर मुंबईला गेली. आठव्या दिवशी आजोबांनी तिच्या नावाने आंघोळ केली. बाबा तेव्हा दहा वर्षांचे. त्यांचं डोकं भादरून त्यांनाही विहिरीवर नेलं आणि तीन बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी विचारलं, "कोण मेलं बे?" बाबा म्हणाले, "बहीण." दहा वर्षांच्या पोराने एकदा बोललेलं ते वाक्य त्यांनी पुढे जन्मभर मोडलं नाही.

पण मेलेली बहीण पडद्यावर यायला लागली. आधी नाचणाऱ्यांच्या मागच्या रांगेत, मग पुढच्या, मग एकटी. देवळीत तंबूतला सिनेमा यायचा. तिचं चित्र लागलं की बाबा दिवसभर शेतात थांबायचे आणि तरी सुटायचे नाहीत. "काल तुह्या बहिणीले पाहून आलो गा," पानठेल्यावर कोणीतरी म्हणायचं, "तिकीट काढून!" लोक हसायचे. बाबा चुना मळत राहायचे. नाचाची वर्षं सरल्यावर ती वहिनी झाली, आई झाली, शेवटी मालिकांत आजी झाली. तेव्हा घरोघरी टीव्ही आले होते. आमच्या घरात तो बाबांनी फार उशिरा येऊ दिला.

गुडघे गेल्यावर ती परत आली. देवळीत नाही, वर्ध्याला दोन खोल्या घेऊन राहिली. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने दारातच मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पाय बापावरच गेले तुहे. नाचाले कामाचे नाई." त्यानंतर सहा वर्षं मी दर रविवारी गेले.

बाबांना मी दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा, ती दवाखान्यात असताना. "जिच्या नावानं आंघोळ केली तिले पाहाले कसं जाऊ?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरंच कसं जायचं असतं हे त्यांना माहीत नसावं, असं मला वाटलं.

म्हणून त्या सकाळी मी नकाराच्या तयारीने बोलले. आत्या गेली, तुम्ही लुगडं आणता का, एवढंच. पलीकडे दाराची कडी लावल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "कोणतं आणू?"

मला आधी कळलंच नाही.

"हिरवं आणू का पांढरं?"

सवाष्णीला हिरवं, विधवेला पांढरं. पन्नास वर्षांत बहिणीबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं.

सहा वर्षं मी तिला सगळं विचारलं होतं. कडक दिव्यांखाली पापण्या न मिटता कसं उभं राहायचं, रांगेत शेजारणीचं पाऊल चुकलं तर आपलं कसं सांभाळायचं. मुंबईत तिच्यासोबत घरात कोण राहत होतं, हे कधी विचारलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून. न विचारण्याला मी सभ्यपणा समजत होते. आमच्या घरात सगळेच तसं समजत होते.

"थांबा बाबा, सांगते," म्हणून मी खोलीत पाहिलं. भिंतीवर तिचे सिनेमातले फोटो होते. एकात ती नवरी होती, एकात भरल्या हातांनी ओवाळत होती, एकात पांढऱ्या पातळात, कपाळ पुसलेली, रडत होती. कपाटातल्या डब्यात चार मंगळसूत्रं निघाली, चारही खोटी. घरमालकीण काकू दारात उभ्या होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "टिकली तं लावत होत्या ना बाई. पन आजकाल सगळ्याच लावतात."

फोन चालूच होता. मागे एसटीचा आवाज येत होता. म्हणजे फोन कानाला धरूनच बाबा स्टँडावर जाऊन पोचले होते.

पांढरं म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी म्हणाले, "हिरवं आणा."

अकराला बाबा आले. लुगडं त्यांनी पिशवीत न घालता दोन्ही हातांवर धरून आणलं होतं. तोंडाकडे न पाहता त्यांनी ते तिच्यावर पसरलं, आणि मग पाहिलं. "म्हातारी झाली होती," ते म्हणाले. बायांनी मळवट भरला, हिरव्या बांगड्या घातल्या, ओटी भरली. काकू म्हणाल्या, "नशिबाची बाई, भरल्या कपाळानं चालली." दुपारी दोनच्या आत सगळं झालं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी आत्याच्या मोबाईलवर मुंबईहून फोन आला. तिच्या रांगेत नाचलेली एक बाई होती. बातमी तिला उशिरा कळली होती. ती रडली, आणि मग आपणहून बोलत राहिली. आत्याचा नवरा ढोलक वाजवायचा. फार शांत माणूस. शूटिंगवरून आली की तिचे पाय गरम पाण्यात धरून बसायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. "उसके बाद उसने हरा रंग छुआ तक नहीं," ती म्हणाली. "चूड़ी भी नहीं."

मी हे कोणालाच सांगितलं नाही.

महिन्याभराने बाबा एकटेच माझ्याकडे आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "तिचा नवरा कसा हाये वं?"

"चांगले आहेत."

"काय करे?"

"ढोलक वाजवायचे."

"मंग आला काऊन नाई?"

मी चहाचे कप उचलले.

"बायको सरणावर हाये अन् नवऱ्याले याले सवड नाई? असा कसा मानूस हाये तो?" त्यांचा आवाज चढला. बहिणीसाठी चढलेला त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. "मी पोचलो ना? मी! तिनं सांगितलं असंल त्याले, मले कोनी नाई म्हणून. कागद घे. लिही."

खरं सांगितलं असतं, तर त्यांनी दोन हातांवर आणलेलं लुगडं चुकीचं होतं हेही सांगावं लागलं असतं. मी कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. तुम्ही आमच्या बहिणीला एकटं सोडलं. तिला भाऊ होता, हे तुम्हाला माहीत असावं. मी शिव्या गाळल्या, बाकी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं. खाली त्यांनी सही केली.

"पत्ता टाक," बाबा म्हणाले. "जाता जाता मीच टाकतो पेटीत."

मी मुंबईचा एक पत्ता मनानेच लिहिला.