माळेविना अकरा दिवस

मी देवावर रुसलो होतो, आणि तेही तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून. खोटं कशाला सांगू? वीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, कौंडण्यपूरला वर्धेच्या काठी रुक्मिणीमायच्या साक्षीनं घातलेली. पहिल्या लॉकडाऊनमध्ये पातुरातल्या माझ्या शिवणकामाच्या दुकानात मी गावासाठी मास्क शिवले, फुकट वाटले. देवळं कुलपात, म्हणून मशीनवर बसूनच नाम घेतलं. आणि दुसऱ्या लाटेनं मलाच धरलं! अकोल्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मला शुद्ध नव्हती. जाग आल्यावर सवयीनं हात गळ्याशी गेला, तर माळ नव्हती.

आम्हा माळकऱ्यांची रीत अशी, की माळ गळ्यातून गेली तर पुन्हा घालेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. एरवी तासाभराचा प्रश्न. गावातला कोणीही माळकरी नवी माळ घेऊन धावून येतो. पण कोविड वॉर्डात बाहेरचा माणूस यायचा कुठून? घरी बायकोही पॉझिटिव्ह. फोनवर रडत म्हणाली, "माळ पाठवू तरी कोनाच्या हातून? खाऊन घ्या नं, देव काय पोलीस हाये का?" मी फोन बंद केला. मला वाटत होतं मी देवाला माझी निष्ठा दाखवतोय. खरं म्हणजे मी त्याला धमकी देत होतो, की माळ दे, नाहीतर बघ, मरतो.

दोन दिवस सलाईन आणि गोळीपुरतं पाणी. शुगर खाली गेली. असंच चाललं तर औषधाचा काही उपयोग नाही, असं डॉक्टर रागावून सांगून गेले. मी भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड पुसणारी बाई खाटेपाशी थांबली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा किट, दिसत होते फक्त डोळे. "बुवा, ताट काहून परत करून राहिले?" मी कारण सांगितलं. तिनं पोछा भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "ते माळ मीच फेकली. तुमचे कपडे जाळायच्या पिवळ्या थैलीत टाकले नं, त्याच्यातच गेली. जळली असन आतापर्यंत. मले काय मालूम?"

दम लागत होता तरी मी तिला नको नको ते बोललो. गळ्यात माळ घातली म्हणून जिभेला कुठं घातली होती! तिनं सगळं ऐकून घेतलं आणि स्टूल ओढून बसली.

"आता मायं ऐका. मी बुद्धाची, तुमची रीत मले समजत नाई. पन सकाळी आठले हा किट घातला, आता दोनले काढीन. तोवर पान्याचा घोट नाई, बाथरूमले जाता येत नाई. मीबी उपाशीच, बुवा, पन तुमच्यासाठी. तुमी कोनासाठी उपाशी राहून राहिले?"

मी खाटेपाशी तसंच पडलेल्या दुपारच्या ताटाकडे पाहिलं.

तिनं वरणभात कालवला, माझा मास्क बाजूला केला आणि हातमोजा घातलेल्या हातानं घास पुढे धरला. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी माळेविना तोंड उघडलं. डोळ्यांना धार लागली. "रडू नका, दम लागते. गिळा आधी." त्या घासाला रबराचा वास होता, तरी इतका गोड घास मी जन्मात खाल्ला नव्हता.

पुढचे अकरा दिवस मी तसाच जेवलो. माझ्या रांगेतल्या तीन खाटा त्या दिवसांत रिकाम्या झाल्या. ती माणसं घरी गेली नाहीत. मी का वाचलो, ते त्या विठोबाला ठाऊक. मला एवढंच कळलं, की मी ज्याला शरण जाणं म्हणत होतो तो निव्वळ माझा हट्ट होता. शरण गेलेला माणूस समोर आलेला घास नाकारत नाही.

घरी येताच गावातल्या माळकऱ्यानं नवी माळ घातली, आणि देवळं उघडली तशी कौंडण्यपूरला जाऊन ती रुक्मिणीमायच्या पायाला लावून आणली. परतताना आम्ही नवराबायको अकोल्यात मला घास भरवणाऱ्या त्या बाईच्या घरी गेलो. शीलाताई. नाव दवाखान्यातच विचारलं होतं, चेहरा मात्र त्या दिवशी पाहिला. त्यांनी भाकर, वरण, ठेचा वाढला. माझा हात काही केल्या ताटाकडे जाईना.

"आता काय झालं, बुवा? माळ हाये नं गळ्यात?"

"हाये," मी म्हणालो. "पन तुमचं ताट कुठं हाये?"

त्या हसल्या, आत जाऊन ताट घेऊन आल्या आणि आमच्या पंगतीला बसल्या. त्यांनी पहिला घास घेतला, मग मी जेवलो.