वाटून खाल्लेलं औषध

दूध विकणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी दूध बंद केलं तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले होते. मंगळवार पेठेत आमची डेअरी आहे. माझे यजमान तरुणपणी कुस्ती खेळायचे. पुढे पोट सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी पेठ त्यांना पैलवानच म्हणत राहिली. मीही इथे तेच म्हणते. डॉक्टर म्हणाले, दूध बंद, तिखट बंद, आणि मला हसू आलं. त्यानंतर मात्र त्या आजारात हसण्यासारखं फारसं काही निघालं नाही.

आजार मोठ्या आतड्याचा होता. आतड्याला आतून जखमा होतात आणि शौचाला रक्त पडतं. पैलवानांनी बरेच महिने ते लपवून ठेवलं. आधी म्हणे उष्णता झाली, म्हणून सब्जा पिऊन झाला. मग म्हणे मूळव्याध आहे, म्हणून कुणीतरी सांगितलेलं चूर्ण घेऊन झालं. आखाड्यात कान मोडून घेतलेला माणूस, पण बायकोला हे सांगायची लाज! दुकानात उभ्या उभ्या चक्कर येऊन पडले तेव्हा मला कळलं. मी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि वाटभर शिव्या घातल्या.

आतून दुर्बीण घालून तपासणी झाली, स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त थांबलं आणि तोंड सुजून टोपल्याएवढं झालं. गिऱ्हाइकं म्हणायची, "पैलवान, तब्येत लई सुधारली की!" आणि हेही मान डोलवायचे. गोळ्या कमी करत आणल्या की रक्त परत यायचं, वाढवल्या की थांबायचं. असं दोनतीनदा झाल्यावर सर्जननी स्पष्ट सांगितलं की आतडं काढावं लागेल आणि पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावावी लागेल, बहुधा कायमची.

"जल्मभर लंगोट बांधला, आन् आता पिशवी बांधू व्हय?" एवढंच बोलून हे दवाखान्यातून बाहेर पडले. घरी आल्यावर जेवले नाहीत. मी पहिल्यांदा त्यांना घाबरलेलं पाहिलं, आणि मग मीही घाबरले.

तेवढ्यात त्याच दवाखान्यातल्या पोटाच्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं. एक नवीन औषध आलं होतं. बाजारात अजून नव्हतं, त्याची माणसांवर चाचणी चालू होती. त्यांनी समजावून सांगितलं की काही रोग्यांना खरी गोळी मिळेल आणि काहींना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, हे रोग्याला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. काही महिने घेऊन बघायची, मधे मधे रक्त तपासायचं. गुण आला तर आतडं वाचलं, नाही आला तर ऑपरेशन. पैलवानांनी नीट ऐकून न घेताच सह्या केल्या. आतडं वाचतंय एवढंच त्यांच्या कानात शिरलं.

रक्ताच्या तपासणीत एक सीआरपी नावाचा आकडा असतो. अंगात कुठे सूज धुमसत असली की तो चढतो, निवली की उतरतो. दर वेळी दुर्बीण घालायला नको, रक्तावरून अंदाज येतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आमच्या घरात त्या आकड्याचं खूळ शिरलं. दुधाची फॅट बघणारा माणूस, आकड्यावर त्याचा आधीपासूनच विश्वास. रिपोर्ट हातात आला की आधी तो आकडा बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचं, अशी त्यांची रीत झाली.

आण्णा भेटले ते दवाखान्यातल्या बाकावर. उचगावात त्यांचं किराणा दुकान होतं. जैन माणूस, अंगानं काडी, सोबत उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. पैलवानांनी सवयीनं विचारलं, "पावणं, कुठलं?" आणि गप्पा सुरू झाल्या त्या थांबेचनात. आजार तोच, औषध तेच, ऑपरेशनची भीतीही तीच. दोघं बाप्यामाणसं एकमेकांना आपापल्या शौचाची हकीकत इतक्या आवडीनं सांगत होती की मी बाकावरून उठून दारात जाऊन उभी राहिले. पण नंतर वाटलं, कुणाला सांगणार दुसरं? उचगावपासून रंकाळ्यापर्यंत कुठल्या हॉटेलात संडास बरा आहे हे त्या दोघांना तोंडपाठ होतं, आणि हे ज्ञान कामाला येणारी दोनच माणसं त्या बाकावर होती.

आण्णा बाजाराला शहरात आले की डेअरीत डोकवायचे. दिवस मावळायच्या आत जेवायचे म्हणून संध्याकाळची गोळीही लवकर घ्यायचे. पैलवान त्यांची थट्टा करायचे, "सूर्याला इचारून गोळी खातोय बगा आमचा आण्णा." आण्णा हसायचे. मला तो माणूस आवडायचा, कारण तो हळू बोलायचा आणि आमच्या घरात तेवढंच कमी होतं.

पहिल्या तपासणीला पैलवानांचा आकडा चांगला उतरला आणि रक्त थांबलं. आण्णांचा जागचा हलला नव्हता. हे घरी आले ते आनंदात, पण अर्धेमुर्धे. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "माझ्या डब्यात खरं औषध हाय. त्या बिचाऱ्याच्या डब्यात खडू." मी म्हटलं, त्याला आपण काय करणार? पैलवान गप्प बसले म्हणजे समजावं की डोक्यात काहीतरी शिजतंय. मी समजले नाही.

मग पुढच्या तपासण्यांना आकडा पुन्हा चढू लागला. रक्त दिसू लागलं. चेहरा उतरला, वजन उतरलं. डॉक्टर कोड्यात पडले, की लागू पडलेलं औषध एकदम कसं थांबलं? अजून थोडे दिवस बघू म्हणाले, पण सर्जनशी बोलून ठेवलं.

आणि एके सकाळी कपाट आवरताना औषधाचा डबा माझ्या हातात आला. चाचणीच्या गोळ्यांच्या पट्ट्यांवर प्रत्येक रोग्याचा वेगळा नंबर असतो. आमच्या डब्यातल्या पट्ट्यांवर दोन नंबर होते.

"ह्ये कुणाचं?" मी विचारलं.

"आण्णाचं."

"आन् तुमचं?"

"निम्मं त्याच्याकडं हाय. सकाळी माझी गोळी खायाची, सांजच्याला त्याची. त्योबी तसंच करतोय. मोकळ्या पट्ट्या परत देताना बदलून घेतो, मोजायला बरोबर भरत्यात."

मी खोदून खोदून विचारलं. मग मला कळलं की हे सगळं पहिल्या तपासणीनंतर लगेच सुरू झालं होतं. कल्पना यांची. आण्णा आधी नको नको म्हणाले होते, दवाखान्याला कळलं तर काय, म्हणाले होते. पण यांच्यापुढे नको म्हणून कोण टिकलंय? तालमीत सगळ्यांचे बदाम एकाच दगडी कुंडीत घोटले जायचे. ज्याच्या घरून यायचे त्याचेही आणि ज्याच्या घरून काहीच यायचं नाही त्याच्याही वाट्याला तेवढीच थंडाई. एकट्यानं खुराक खाणाऱ्याशी कुणी जोडीला लढायचं नाही. ती रीत पैलवान औषधाला लावून बसले होते.

"जोडीदार रक्तानं भरलेला, आन् मी एकटा खाऊ व्हय?" हे मला म्हणाले.

"अवो, ते बदाम न्हाईत!" मी ओरडले. "तुमचं आतडं जायला लागलंय, आन् तुमी दानधर्म कराय निघालाय!"

मी डॉक्टरांना सांगणार म्हटलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "सांगू नगंस. सांगितलंस तर त्योबी भाईर पडंल."

"पडू दे," मी म्हटलं.

मला राग होता. यांचा, आण्णांचा, त्या तालमीचा आणि सगळ्या तालेवार पेठेचा, जिला वाटतं की मोठं मन असलं की सगळं निभतं. माझ्या नवऱ्याचं आतडं वाचावं एवढंच मला हवं होतं. पूर्ण औषध परत सुरू झालं तर वाचेल, असा माझा साधा हिशेब होता. दूध वाटून झालं तशी मी दोन्ही नंबरच्या पट्ट्या पिशवीत घालून दवाखाना गाठला. आज कुणी विचारलं तरी मी तेच करीन.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि दोन्ही नंबर वाचले. मग म्हणाले, "दोघांत एकाचं खरं आणि एकाचं खोटं, हे यांना कुणी सांगितलं? दोघांचंही खरं असेल. दोघांचंही खोटं असेल. आणि पहिल्यांदा आकडा उतरला तेव्हा यांना स्टेरॉइडही चालू होतं, ते पुढे कमी करत आणलं." पूर्ण औषध परत सुरू होणार नव्हतं. चाचणीचा नियम असा की दोघेही बाहेर.

पुढचं भराभर झालं. पैलवानांचं रक्त थांबेना, तेव्हा त्यांना भरती केलं. ऑपरेशनच्या आधी अंगात नेमकं काय गेलंय हे सर्जनना कळायला हवं होतं, म्हणून कुठल्या नंबराला कुठली गोळी हे लिहिलेलं त्यांचं बंद पाकीट फोडायला लावलं आणि आधीच्या तपासण्यांचं साठवलेलं रक्तही तपासायला पाठवलं. आतडं गेलं. पिशवी आली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पांघरुणाखाली हात घालून चाचपलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी डोक्यावरून हात फिरवत राहिले, दुसरं काय करणार?

आण्णांना डॉक्टरांनी बोलावून सगळं विचारलं आणि औषध बंद केलं. त्यांनाही ऑपरेशन करून घ्या म्हणाले. ते म्हणाले, जरा थांबतो. हळू बोलणारा माणूस थांबतच राहिला. आणि एका दुपारी त्यांचं पोट फुगलं. आत आतडं फुटलं होतं. पैलवान ज्या दवाखान्यातून टाके घालून घरी आले, त्याच दवाखान्यात आण्णांना अतिदक्षता विभागात ठेवलं.

टाके दाखवायला आम्ही गेलो तेव्हा ते तिथेच, वरच्या मजल्यावर होते. पैलवानांनी डॉक्टरांना विचारलं, "माझं औषध खरं हुतं न्हवं?"

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या डब्यात औषध नव्हतं."

यांचा हात सदऱ्याखालच्या पिशवीवर गेला.

"पण तुमच्या रक्तात औषध सापडलंय," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "तुमच्या डब्यातलं नाही ते." दुसऱ्या रोग्याबद्दल आपल्याला बोलता येत नाही, असंही म्हणाले. बोलायची गरज नव्हती. आम्हा दोघांना कळलं. देणारा आण्णा होता. माझा नवरा दात्याच्या ऐटीत इतके दिवस त्या माणसाच्या वाटणीचं औषध खात होता आणि बदल्यात त्याला खडू देत होता. काही औषधांना गुण यायला वेळ लागतो, असं डॉक्टर जाता जाता म्हणाले. ते त्यांनी म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

वर जाऊन आण्णांना भेटू या, मी म्हटलं. पैलवान जिना चढले नाहीत. दोन दिवसांनी आण्णा गेले.

मातीला जायची यांची अवस्था नव्हती, हे खरं. पण नंतर जाता आलं असतं, तरी गेले नाहीत. दुकानात बसायला लागले, फॅट बघायला लागले, कुणी आण्णांचा विषय काढला की उठून आत जायचे. माझ्याशी बोलायचे ते दुधापुरतं. मी सांगायला गेले म्हणून आण्णांचं उरलंसुरलं औषधही बंद झालं, हे ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडले असते. भांडायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं.

एका दुपारी आण्णांची बायको डेअरीत आली. एकटीच. मी तिला आत बसवून पाणी दिलं. हे गल्ल्यावर होते, उठून जायला वाट नव्हती.

"दादा, तुमी आला न्हाईसा," ती म्हणाली. "म्हटलं, तुमची तब्येत बरी नसंल. आपनच जाऊन यावं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "त्यांनी शेवटपत्तूर तुमचं नाव काढलं. म्हणायचे, पैलवानानं आपल्या तोंडातला घास काढून मला दिला. सख्खा भाऊ करणार न्हाई एवढं. ते सांगायला आलेय."

कुणाच्या डब्यात काय निघालं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच म्हटलं, राहू द्या. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की न बोललेलं बरं. बाईला एवढं एक समाधान आहे, ते राहू दे तिच्यापाशी.

पैलवान उठून तिच्या समोर आले. "वैनी, उलटं झालंय," ते म्हणाले. "खरं औषध आण्णाच्या डब्यात हुतं. माझ्यात कायबी नव्हतं. त्यो नगं म्हणत हुता, मी जबरदस्ती केली. मी त्याचं खाल्लं."

बाहेर कुणीतरी किटली आपटून हाक मारली, मी गेले नाही. तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायलं आणि तांब्या खाली ठेवला. ती ओरडेल, रडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. तिनं तशी सुरुवात केली असती तर मी मधे पडणार नव्हते.

तिनं यांच्याकडे वर बघितलं आणि विचारलं, "मग तुमास्नी तरी गुण आला का?"

"न्हाई," पैलवान म्हणाले.