बाबांना कोरियन समजतं

माझ्या वडिलांनी पुलगावच्या बाजारात चाळीस वर्षं कापड विकलं. दुकान बंद करून ते नाचणगावच्या घरी बसले आणि दोनेक वर्षांत कानांनी दगा दिला. एका लग्नात कुणीतरी काही विचारलं, बाबांनी भलतंच उत्तर दिलं आणि अख्खी पंगत हसली. तेव्हापासून ते माणसांत बसेनासे झाले. कानाचं यंत्र आणलं, तर 'भुंगा गुणगुणते' म्हणून ते कपाटात गेलं. घरी कुणी आलं की बाबा मागच्या खोलीत. एवढा बोलका माणूस गप्प झालेला मला बघवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही यायचा.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना दाखवायला जपानी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक घरी आणलं होतं, ते बाबांनी पळवलं. डोंगर, नद्या, पूल यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चित्रातल्या बायकांच्या झग्यांवर बोट ठेवून ते मला सांगायचे, "हे रेशीम हाय. हे सुती, पाह्य कसं कडक उभं राह्यलं." मग मी एक चिनी चित्रपुस्तक आणलं, त्यात अक्षर म्हणून नव्हतं. ते त्यांनी तीनदा पाहिलं. चौथ्यांदा मलाच गोष्ट समजावली. तेव्हा माझ्या डोक्यात सिनेमाचं आलं.

एका रविवारी दुपारी मी टीव्हीवर एक कोरियन सिनेमा लावला. आई होती, शेजारच्या काकू होत्या. पडद्याखाली इंग्रजी ओळी यायच्या, त्या मी मराठीत वाचून दाखवत होते. बाबा दारातून डोकावले आणि कुणी बोलावण्याआधीच पलंगाच्या कोपऱ्यावर टेकले.

सिनेमात समुद्राकाठी खानावळ चालवणारी एक बाई होती. शहरातून तिचा मुलगा आला. मी वाचलं, "सुट्टी घेऊन आलोय म्हणतो."

"नोकरी गेली याची," बाबा कोपऱ्यातून म्हणाले.

आम्ही तिघींनी एकदम मागे पाहिलं. बाबा म्हणाले, "शर्टाची बाही चोळून राह्यला न तो. घ्याचं मन हाय आन् परवडत नाई, असं गिऱ्हाईक कापडाचा काठ असाच चोळत बसते. मायलेबी समजलं हाय, पण ते बोलत नाई."

अर्ध्या तासाने मुलाने नोकरी गेल्याचं आईला सांगितलं, आणि तिने न दचकता त्याच्यापुढे सूपचा वाडगा सरकवला. काकूंनी माझ्या हातावर चापट मारली. "तू नको वाचू वो. भाऊजीले सांगू दे." माझं इंग्रजी तिथेच निकालात निघालं.

मग दर रविवारी हेच. काकू बाबांच्या गुडघ्याला हात लावून, त्यांच्याकडे वळून विचारायच्या, "हे काऊन रुसली जी?" आणि बाबा दुकानात ठाण उलगडावं तसं एकेक उलगडून सांगायचे. चुकायचेही. जपानी सिनेमात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली एक बाई दिसली, तर त्यांनी तिचा नवरा मारून टाकला. पुढच्याच प्रसंगात तो धडधाकट शेजारी येऊन बसला. ती नवरी होती, तिकडे नवरी पांढरं नेसते. आम्ही हसलो आणि हसता हसता मी घाबरले, ती पंगत आठवली. पण सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसत होते. "नवरीले पांढरं," ते डोळे पुसत म्हणाले. "तिथं माह्यं दुकान चाललं नसतं."

एरवी सिनेमा संपला की बाबा पुन्हा मागच्या खोलीत जायचे. त्या दिवशी सिनेमा संपल्यावर आई स्वयंपाकघरात गेली, काकू बसूनच होत्या. बाबा उठायच्या आत मी त्यांच्या समोर बसून विचारलं, "बाबा, तुमाले ऐकू येत नाई, आन् भाषाबी आपली नाई. मंग समजते कसं?"

"सोपं हाय," बाबा म्हणाले. "थ्या बाया माह्याकडं तोंड करून बोलतात. तुमी दोघी बोलता तवा एक गॅसकडं पाह्यते आन् एक मोबाईलमंदी."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कापडाचा भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं. मला मात्र फार लाज वाटली. इतके दिवस मी त्यांच्या पाठीमागून ओरडत होते आणि वर त्यांच्यावरच रागावत होते.

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. आई पदराला हात पुसत बाहेर आली, स्टूल ओढून बाबांच्या अगदी समोर बसली आणि आवाज न चढवता म्हणाली, "चहा मांडू का जी?"

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग काकूंकडे, माझ्याकडे पाहिलं.

"मांड," ते म्हणाले. "चार कप मांडजो. मी इथंच बसतो."