विनायकरावांचे वॉटरप्रूफ बूट

चार मराठी माणसं परदेशात एकत्र आली की मंडळ निघतं म्हणतात. आमचं मंडळ काही निघालं नाही, बुटांचे किस्से मात्र निघाले. ते कुणी मुद्दाम साठवले नाहीत. शनिवारी सकाळी बिशानच्या कॉफीशॉपमध्ये बसलं की एकाचा सांगून होईपर्यंत दुसऱ्याला आठवतो आणि तिसरा म्हणतो, "थांबा, तो असा नव्हताच."

सिंगापूर हा असा देश, की इथला सगळ्यात उंच डोंगर चढून उतरायला तासभर पुरतो, आणि वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. इथे शिकारीचे बूट कुणाला लागणार? आम्हाला लागले.

आम्ही म्हणजे तिघं. विनायकराव, वय अठ्ठावन्न, जुरोंग आयलंडवर केमिकल प्लांटमध्ये इंजिनियर. सचिन, वय चौतीस, यिशुनला राहतो, आयटीत आहे, पुण्याचा असल्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं. आणि मी, बँकेत हिशेब तपासणारा, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणारा. चौथ्या सुनंदावहिनी, विनायकरावांच्या पत्नी. त्या आमच्याबरोबर कधीच चालायला येत नाहीत, तरी आमचा एकही बेत त्यांच्याशिवाय ठरत नाही.

*

सुरुवात एका नटपासून झाली.

विनायकराव रोज कंपनीच्या बसने आयलंडवर जातात. गेटवर पास दाखवायचा, आत गेल्यावर लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट चढवायचे, संध्याकाळी उतरवायचे. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांनी बूट काढून उलटा केला, तर आतून एक छोटा नट खाली पडला. शेंगदाण्याएवढा.

त्यांनी तो उचलला आणि शेजारच्याला विचारलं, "तुझा आहे का हा?"

मग त्यांचं लक्ष स्वतःच्या मोज्याकडे गेलं. तो तळव्याशी लाल झाला होता. सकाळी सातला बूट घातला होता त्यांनी. दिवसभर नट पायाखाली घेऊन हा माणूस जिने चढला होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

डायबिटीस जुना होताच. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की दोन्ही पायांच्या नसांची जाणीव गेली आहे आणि ती परत येत नसते. फोड आला तरी कळणार नाही, फोड चिघळला तर बोट जाईल, आणि ते बोटावरच थांबेल याची खात्री नाही.

विनायकरावांना त्यावर एकच प्रश्न पडला. "म्हणजे चालायचं नाही का?"

"चाला," बाई म्हणाल्या. "पण बूट नीट निवडा."

*

ग्रॅहम हा विनायकरावांचा जुना साहेब. न्यूझीलंडचा. निवृत्त होऊन आपल्या गावी गेला आणि तिकडच्या डोंगरांत हरणांची शिकार करत फिरू लागला. अठरा वर्षं तो विनायकरावांना बोलावत होता आणि अठरा वर्षं विनायकराव "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होते.

गेल्या वर्षी त्याची चिठ्ठी आली. गुडघे संपले, येता एप्रिल हा शेवटचा, त्यानंतर बंदूक विकणार. येतोस का?

विनायकराव अंडंसुद्धा खात नाहीत. हरणात त्यांना काडीचा रस नव्हता. पण सिंगापूरला आले त्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातून कामात एक मोठी चूक झाली होती. कामाचा परवाना रद्द होऊन भारतात परत जायची वेळ आली होती. तेव्हा ग्रॅहमने "ती सूचना मी दिली होती" असं वरच्यांना सांगितलं. त्याने ती दिली नव्हती. पुढे दोघं त्यावर एक अक्षर बोलले नाहीत.

सुनंदावहिनींनी दोन दिवस विचार केला आणि सचिनला आणि मला बोलावून घेतलं. पोहे खाऊ घातले. मग म्हणाल्या, "तिघंही जा. पण जितके पाय इथून नेताय तितके परत आणायचे."

आम्ही पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या.

*

बुटांच्या दुकानात आम्ही चौघंही गेलो. विकायला साठीच्या एक चिनी आंटी होत्या. शांत बाई. त्यांनी पहिला जोड काढला, विनायकरावांनी घातला, दोन पावलं टाकली.

"कसा वाटतो, अंकल?"

"फाइन."

दुसरा जोड. "फाइन." तिसरा फाइन. चौथा तर एक नंबरने लहान होता, चुकून आलेला. तोही फाइन! सातव्या जोडाला आंटींनी हात कमरेवर ठेवले. "अंकल, सगळेच फाइन कसे, लाह?" इथे वाक्याला 'लाह'चं शेपूट लागतंच.

आमच्या लक्षात आलं. सचिन पायताणांच्या पट्ट्या बघू लागला. मी किमती वाचू लागलो. शेवटी वहिनी म्हणाल्या, "त्यांना पायाचं कळत नाही. तुम्ही मला विचारा."

आंटींनी मान हलवली. वाईट वाटलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक बुटातला आतला तळवा बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि विनायकरावांना अनवाणी त्यावर उभं केलं. मग दोघी बायका गुडघ्यांवर बसून बोटांपुढे किती जागा उरते, करंगळी कडेबाहेर जाते का, ते बघू लागल्या. अंगठ्याएवढी जागा पुढे हवी, टाच घट्ट हवी, आतून शिवण नको.

"आणि आत्ता घेऊ नका," आंटी म्हणाल्या. "संध्याकाळी या. दिवसभर चालून या. पाय सुजलेला असतो तो खरा पाय."

पुन्हा गेलो. नववा जोड ठरला. चामड्याचा, घोट्याच्या वरपर्यंत, पुढून रुंद. विनायकरावांना कुणी काही विचारलं नाही.

*

मीही एक जोड घेतला, सचिनने मात्र बूट घेतले नाहीत. "माझ्याकडे आहेत," म्हणाला. "सह्याद्री पालथा घातलाय त्यांनी."

पालथा घातला होता, पण चार वर्षांपूर्वी. तेव्हापासून ते यिशुनच्या फ्लॅटबाहेर, बुटांच्या कपाटात, खोक्यात जपून ठेवलेले. इथल्या दमट हवेत न वापरलेला बूट आतून कुजतो, बाहेरून नवाकोरा दिसतो. हे आमच्यातल्या सर्वज्ञ माणसाला ठाऊक नव्हतं.

सरावासाठी आम्ही विनायकरावांच्या ब्लॉकचे जिने चढत होतो. सातव्या मजल्यावर मला मागे फटकन आवाज आला. वळून पाहिलं तर सचिन वरच्या पायरीवर आणि त्याच्या बुटाचा तळ खालच्या पायरीवर. पाच मिनिटांनी दुसराही गेला.

विनायकराव हसले नाहीत. त्यांनी तो तळ उचलला, बोटांनी चुरला, त्याचा भुगा झाला. म्हणाले, "हा डोंगरात गेला असता तर?"

सचिन त्याच संध्याकाळी आंटींकडे गेला. पुण्याचा माणूस आपण होऊन सल्ला विचारायला गेला, हे मी प्रथमच पाहिलं.

*

नवे बूट पायात रुळवावे लागतात. आधी घरात तासभर, मग दोन तास. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. सुनंदावहिनींच्या घरात चपला दाराच्या आत येत नाहीत, आणि देव हॉलमध्येच आहेत.

विनायकरावांनी युक्तिवाद केला. "जमिनीला न लागलेला बूट हा बूटच नव्हे. तो अजून नुसतं सामान आहे."

"चामडं आहे ते."

"तबल्यालाही असतं."

वहिनी उठल्या, रांगोळीचा डबा आणला आणि हॉलमध्ये देवांच्या अलीकडे चार हातांवर एक रेघ ओढली. "याच्यापुढे नाही." तीन आठवडे विनायकराव त्या रेघेच्या अलीकडे येरझाऱ्या घालत होते. त्यांची मुलगी युनिव्हर्सिटीतून घरी आली, बापाला बघून म्हणाली, "व्हाय इज बाबा मार्चिंग, लाह?" आणि फ्रिज उघडायला गेली.

मग पाण्याची परीक्षा. बाथरूममध्ये बादलीभर पाण्यात बूट घालून अर्धा तास उभं राहायचं. मीही माझ्या घरी केली, सोपी असते. पाणी आत आलं की पायाला गार लागतं.

विनायकराव अर्धा तास उभे राहिले. वहिनींनी विचारलं, "आलं का पाणी?" ते खाली बघत राहिले. एवढ्या वर्षांत प्लांटमधल्या कुठल्या पाइपमध्ये किती दाब आहे हे आवाजावरून सांगणारा माणूस तो.

वहिनींनी त्यांना स्टुलावर बसवलं, बूट पुसले, मोजे बदलले. मोज्यांवर टिश्यूपेपर गुंडाळला आणि पुन्हा बूट घातले. "उभे राहा अर्धा तास." नंतर टिश्यू काढून स्वतःच्या गालाला लावून पाहिला. कोरडा होता.

मला हे विनायकरावांनी सांगितलं. सांगून झालं तसा मी घाईने चहा मागवला.

*

एप्रिलमध्ये गेलो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, गाडीरस्ता संपतो तिथून दिवसभराच्या चालीवर एक पत्र्याची झोपडी. ग्रॅहम सत्तरीचा, दाढीवाला, तीन शब्दांत वाक्य संपवणारा. त्याने पहिलं काय केलं, तर विनायकरावांचे बूट पाहिले आणि म्हणाला, "बायकोने निवडले?" विनायकराव हो म्हणाले. "दिसतंय."

वहिनींची ताकीद होती, की रोज संध्याकाळी कुणीतरी त्यांचे पाय बॅटरी लावून तपासायचे. ते काम सचिनकडे. पहिल्या संध्याकाळी विनायकराव बाकावर बसले, सचिन समोर गुडघे टेकून वाकला, दोन्ही पाय हातात धरले. विनायकरावांचा हात सवयीने त्याच्या डोक्यावर गेला. "आयुष्मान भव," ते पुटपुटले.

ग्रॅहम चुलीपाशी होता. त्याने हे पाहिलं, हातातला चमचा खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि स्तब्ध उभा राहिला.

आम्ही त्याला समजावून सांगायला हवं होतं. पण सांगितलं नाही. पाचही संध्याकाळी तो टोपी काढून उभा राहिला.

*

चौथ्या दिवशी हरीण दिसलं. नदीच्या पलीकडे, मोठं, शिंगं एवढाली. ग्रॅहमने दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. नदी ओलांडून पलीकडच्या टेकाडावर गेलं की नेम सोपा होता.

नदी मांडीभर. आणि वॉटरप्रूफ बुटाची एक गंमत आहे. पाणी वरून आत शिरलं, की ते बाहेरही पडत नाही. ओला पाय तासाभरात मऊ पडतो, मऊ कातडी सोलते, आणि ज्याला कळत नाही तो चालत राहतो. म्हणून प्रत्येक ओढ्यानंतर विनायकरावांचे मोजे बदलायचे. बारा जोड आणले होते. त्या दिवशी दुपारपर्यंत पाऊस आणि ओढे मिळून अकरा भिजले होते.

"मी इथेच बसतो. तुम्ही जा," विनायकराव म्हणाले.

ग्रॅहमने त्यांच्या पिशवीला लटकलेले मोज्यांचे ओले जोड मोजले. एकेका बोटाने, अकरापर्यंत. मग बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली.

"तुमचा हा शेवटचा सीझन," मी म्हणालो.

"माझा," ग्रॅहम विनायकरावांच्या बुटांकडे बघत म्हणाला. "त्याचा नाही."

आम्ही चौघं तिथेच बसलो आणि ते हरीण जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला काही घाई नव्हती. विनायकरावांनी दशम्या काढल्या. ग्रॅहमने दोन खाल्ल्या आणि एक खिशात ठेवली, गोळी ठेवली होती त्याच खिशात.

*

आता हा शेवटचा. हा आम्ही शनिवारी सांगत नाही, कारण विनायकराव समोर असतात.

आम्ही परत आलो. चांगी विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडलो तर सुनंदावहिनी कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी कुणाला कसे आहात विचारलं नाही. जवळच्या बाकाकडे बोट केलं. "अहो, बसा."

"अगं, घरी जाऊन बघ की."

"बसा."

विनायकराव बसले. वहिनी साडी सावरून खाली फरशीवर बसल्या. माणसं ट्रॉल्या वळवून बाजूने जात होती. त्यांनी नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे काढले. पाय मांडीवर घेतले, तळवे पाहिले, टाचा पाहिल्या, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. कुठे काही नव्हतं. नुसते पांढरे पडलेले, दमलेले पाय.

"लोक बघतायत, सुनंदा."

"बघू देत."

मग त्यांनी उजवा अंगठा चिमटीत धरून दाबला. "कळतंय?"

विनायकराव समोरच्या विमानांच्या पाटीकडे बघत होते. "हो," म्हणाले.

पुढचं बोट. "कळतंय?" "हो." त्याच्या पुढचं. "हो." सचिनने माझ्याकडे पाहिलं आणि मी ट्रॉलीकडे पाहिलं. उजवा पाय झाला, डावा सुरू झाला. अंगठा, हो. दुसरं, हो. वहिनी सावकाश एकेक बोट दाबत होत्या आणि ते पाटीवरची नजर न हलवता हो म्हणत होते.

नऊ बोटं झाली. वहिनींनी पाय मांडीवर तसाच ठेवला, दोन्ही हात काढून घेतले आणि शेजारी पडलेला मोजा उचलून उलटा होता तो सुलटा करू लागल्या.

"आणि ही करंगळी?" त्यांनी विचारलं.

"हो," विनायकराव म्हणाले. "कळतंय."

वहिनींनी मोजा त्यांच्या पायात चढवला, वरून नीट ओढला.

"बरं झालं," म्हणाल्या. "चला घरी."