न्याहारीच्या टेबलावरची मराठी

त्या बाईंना मराठी येत होती, हे मी आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवून शेवटी धक्का द्यायचा म्हटलं तर देता येईल. चार बैठकांमध्ये मी ही हकीकत तशी सांगितलीही आहे. लोक पोट धरून हसले आणि घरी परतताना माझं मलाच कसंसं झालं. तेव्हा इथे तसं नको. बोलिव्हियात, ला पाझमधल्या त्या स्वस्तातल्या हॉटेलात तीन दिवस आम्ही नवराबायको त्यांच्यासमोर बसून जे जे बोललो, ते सगळं त्यांना कळत होतं. आम्हाला हे चौथ्या दिवशी समजलं.

आधी आमच्या सवयीबद्दल सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात, लग्न झाल्या झाल्या मी पुण्याहून अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले. नवरा तिथे बटाट्यावर पडणाऱ्या रोगावर पीएच.डी. करत होता. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. पुण्यात मी वक्तृत्वाच्या ढाली घरी आणलेली मुलगी, आणि इथे बसच्या ड्रायव्हरने काही विचारलं तर दोनदा 'पार्डन' म्हणूनही उत्तर सुचायचं नाही. इंग्रजीत मी मुकी झाले होते. त्याचा सगळा सूड मी मराठीत उगवायची. बसमध्ये, दुकानाच्या रांगेत, लाँड्रीत समोरच्या माणसाकडे बघून गोड हसायचं आणि नवऱ्याला म्हणायचं, "अहो, हिचे केस बघा, कुठल्या गादीतला कापूस उपसलाय?" सुरुवातीला तो दचकायचा. मग हळूहळू तोही सामील झाला आणि माझ्याइतकाच पटाईत झाला. गावात मराठी घरं मोजून तीन होती, आणि त्यांतलं कोणी जवळपास नाही एवढी खात्री केली की आमच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. कोणाला कळणार होतं?

ला पाझला बटाट्यावरची एक परिषद होती. नवऱ्याच्या प्रोफेसरांना जाता येईना, म्हणून त्यांनी त्याला पाठवलं. मी हट्टाने बरोबर गेले. माझा खर्च आमचा आम्ही करायचा होता, म्हणून परिषदेचं चांगलं हॉटेल सोडून आम्ही उतारावरच्या एका गल्लीत खोली घेतली. तिसरा मजला, अरुंद जिना. बारा हजार फुटांवर तीन मजले चढणं म्हणजे काय ते मला पहिल्या दिवशीच कळलं. दर सहा पायऱ्यांवर थांबायचं, कठडा धरायचा आणि उगाच भिंतीवरचं चित्र बघितल्यासारखं करायचं. खोलीत तीन जाड घोंगड्या होत्या, त्यांच्या वजनाने कूस बदलता यायची नाही. न्हाणीघरात नळाच्या तोंडालाच विजेच्या तारा जोडलेल्या होत्या. पाणी कोमट यायचं आणि नळाला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मालकीणबाई लांब दोन वेण्या घालणाऱ्या, फार मायाळू होत्या, पण त्यांची स्पॅनिश आणि आमचं इंग्रजी यांची गाठ पडत नव्हती.

न्याहारीची खोली तळमजल्यावर होती आणि तिथे टेबलं तीनच. दोन भरलेली होती. तिसऱ्यावर एक अमेरिकन म्हातारी बाई एकटी बसली होती, तिच्यासमोर आम्ही बसलो. तेव्हा माझ्या तोंडी 'म्हातारी'च होतं, 'त्या' नव्हतं. त्यांनी हसून इंग्रजीत विचारलं, कुठले तुम्ही? नवरा म्हणाला, इंडिया. त्यांनी विचारलं, इंडियात कुठे? त्यांचा चेहरा एकदम उजळला होता, आता काहीतरी सांगणार अशा त्या पुढे झुकल्या होत्या. हे मला आज स्पष्ट आठवतं. तेवढ्यात मी हसत हसत नवऱ्याला म्हटलं, "अहो, फार गप्पा नका मारू हिच्याशी. चिकटेल म्हातारी, मग सुटायची नाही."

त्या मागे सरल्या. पावाला जॅम लावायला लागल्या.

मग आमचं सुरू झालं. त्यांच्या डोक्यावर कान झाकणारी लोकरीची टोपी होती. मी म्हटलं, आपल्याकडची माकडटोपी परवडली. त्यांच्या स्वेटरची कोपरं दोन वेगळ्या रंगांच्या लोकरीने रफू केलेली होती. नवरा म्हणाला, एक कोपर माहेरचं, एक सासरचं दिसतंय. पाव चावताना कवळी टकटक वाजायची, त्यावरही आम्ही बोललो. जाताना त्यांनी उरलेले दोन पाव कागदी रुमालात गुंडाळून खिशात टाकले. "चोरटी आहे हो," मी म्हटलं, आणि त्यांनी मान डोलावून आमचा निरोप घेतला तेव्हा मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं फुटायची वेळ आली. उठून बसलं की खोली फिरायची, पाण्याचा घोटही पोटात टिकेना. नवऱ्याचं त्या दिवशी परिषदेत भाषण होतं. "तू रेस्ट घे, सेशन झालं की लगेच येतो, कॅन्सल करता नाही येणार गं," असं म्हणून तो कावराबावरा होऊन गेला. तासाभराने दारावर टकटक झाली. न्याहारीच्या टेबलावरच्या त्या बाई उभ्या होत्या. तीन मजले चढून आल्याने त्यांचे ओठ निळसर पडले होते. एका हातात कोकाच्या पानांचा चहा, जो तिथे घरोघरी डोकेदुखीवर देतात, आणि दुसऱ्या हातात कागदी रुमालातले ते पाव. त्या नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर दर दोन वर्षांनी महिनाभर तिथल्या एका दवाखान्यात मदतीला यायच्या. हे त्यांनी मला इंग्रजीत, हळू हळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. माझ्या मानेखाली दुसरी उशी घातली. कोरडा पाव चहात बुडवून खायला लावला. दिवसभरात त्या चारदा वर आल्या.

मला तेव्हा लाज वाटली असं लिहायची फार इच्छा आहे. पण नाही वाटली. नवरा परतला तेव्हा त्या खुर्चीवर बसून काहीतरी विणत होत्या. मी घोंगडीतून डोकं काढलं आणि त्याला सांगितलं, "सकाळपासून ठाण मांडून बसलीय. हिला घरी कोणी विचारत नसणार. मुलंबाळं असती तर या वयात असल्या गळक्या हॉटेलात कशाला येऊन पडली असती?" त्यांच्या सुया क्षणभर थांबल्या. मला वाटलं, टाके मोजतायत.

तिसरा दिवस असाच गेला. चौथ्या दिवशी सकाळी मी स्वतः जिना उतरून न्याहारीला गेले. बाईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, नाडी बघितली, खूश झाल्या. मला बरं वाटत होतं, म्हणून जीभही पूर्ववत झाली होती. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, हिच्या बोटात अंगठी आहे, पण नवऱ्याचं नाव काढत नाही. मेलाय की सोडून गेलाय हो? मला वाटतं सोडूनच गेला असेल. सुटला बिचारा."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मेला," त्या म्हणाल्या. "सोडून न्हाई गेला. आठ वर्सं झाली आता."

मराठीत. नगरकडच्या खेड्यातल्या मराठीत, आमच्या पुण्याच्या बोलण्यात ज्या मराठीची आम्ही नक्कल करायचो तिच्यात. माझ्या हातातला पाव तसाच राहिला. धरणीने पोटात घ्यावं असं लोक म्हणतात ते मला त्या टेबलाशी कळलं. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या आणि तो जॅमच्या बाटलीकडे बघत होता.

त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. शब्द शोधत, अडखळत त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांचा जन्म तिथलाच. स्वयंपाकीणबाईंच्या पोरांबरोबर त्या वाढल्या, आधी मराठी बोलायला लागल्या आणि मग इंग्रजी. बाराव्या वर्षी त्यांना अमेरिकेला शिकायला धाडलं, ते कायमचं. आईवडील गेल्यावर मराठी बोलणारं कोणी उरलं नाही. पन्नास वर्षांपेक्षा जास्त काळ लोटला होता.

"मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजात थोडी तक्रार होती, जणू फसवणूक आमची झाली होती.

"सांगितलं असतं तर तुमी इंग्रजी बोलाया लागला असता," त्या म्हणाल्या. "मला आयकायचं व्हतं. टोपीला हसा, दाताला हसा, काय बी बोला. आमची सैपाकीण बी मला अशीच बोलायची. पर त्यानं मला सोडलं म्हनलं, तेवढं आयकवलं न्हाई."

मी माफी मागितली. इंग्रजीत मागितली, कारण मराठीत शब्द फुटेना. त्यांनी माझा हात थोपटला. आम्ही अजून दोन दिवस तिथे होतो. त्या दोन्ही दिवशी त्या न्याहारीला आमच्याआधी येऊन बसलेल्या असायच्या, खुर्ची जरा जवळ ओढून. आणि आम्ही दोघं, ज्यांना तीन दिवस गप्प बसवत नव्हतं, एकमेकांशी इंग्रजीत बोलत होतो. "वुड यू लाइक सम मोअर टी?" असं मी माझ्या नवऱ्याला विचारलं, जन्मात पहिल्यांदा. आम्हाला वाटलं, आता तरी सभ्यपणे वागावं. त्या एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

निघताना कळलं की त्या पेनसिल्व्हेनियाच्याच. आमच्यापासून गाडीने दीड तासाच्या गावात राहायच्या. त्यांनी पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला आणि म्हणाल्या, "या दोघं. माज्याशी न्हाई बोलला तरी चालंल. तुमचं तुमी बोला, मी आयकत बसंन." आम्ही दोघांनी एका आवाजात हो म्हटलं.

आम्ही गेलो नाही. आधी त्याची परीक्षा होती, मग गाडीच्या ब्रेकचं काम निघालं, मग माझ्या मावशी आल्या, मग थंडी पडली. खरं कारण दोघांनाही माहीत होतं. सप्टेंबरात त्यांचं कार्ड आलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी: कधी येता? नाताळात दुसरं आलं, त्यात तेच दोन शब्द. देवनागरी त्यांना लिहिता येत नव्हती. मी दोन्ही कार्डं कपाटात मोज्यांच्या खाली ठेवली, म्हणजे येताजाता दिसायला नकोत. दुसऱ्याला बोलणं मला अगदी सोपं जातं. ते ज्याला लागलं त्याच्या दारात जाऊन उभं राहायला मात्र माझ्यात ताकद नव्हती, आणि हे माझ्याबद्दलचं सत्य मला त्या हिवाळ्यात कळलं. बसमध्ये आमचा तो खेळ केव्हाच बंद झाला होता. त्याबरोबर आमचं मराठी बोलणंच निम्मं झालं होतं, कारण इतर बोलण्यासारखं आमच्याकडे फार नव्हतं.

मार्चमध्ये एका रविवारी नवरा अचानक म्हणाला, "चल, आज ड्राइव्ह करू. नाहीतर आपण कधीच जाणार नाही."

लहानसं पांढरं घर होतं. निघण्याआधी आम्ही फोन केला होता, म्हणून त्यांनी आमच्यासाठी पोहे केले होते, कुठल्या तरी पुस्तकात बघून, आसट भातासारखे गिच्च झालेले. मी वाकून नमस्कार केला, 'मावशी' म्हटलं. त्या खूश झाल्या. आम्हाला सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं, स्वतः समोर खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "हं. बोला."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. काय बोलायचं ते आम्ही गाडीत ठरवून आलो होतो. मी म्हटलं, "या वर्षी थंडीचं प्रमाण बरंच अधिक होतं, नाही का?" तो म्हणाला, "हो. आता मात्र हवामान सुखद होऊ लागलं आहे." मी म्हटलं, "मावशींचं घर अतिशय सुंदर आहे." तो म्हणाला, "आणि नीटनेटकंही." वक्तृत्वाच्या ढाली मी अशाच मराठीत मिळवल्या होत्या. एकेक वाक्य बोलून आम्ही त्यांच्याकडे बघायचो, बरोबर आलं का म्हणून.

त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग पुढे झुकून, अगदी विनवल्यासारखं म्हणाल्या, "असं न्हाई गं पोरी. तिथं बोलत व्हता, तसं."

मी खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं. डोक्यात शोधलं, घरी आम्ही दोघं मोकळेपणी नक्की काय बोलतो, कशावर हसतो. कोणाचे केस, कोणाची चाल, कोणाचे कपडे. त्याशिवाय काही सापडेना. समोर त्या, तीच रफू केलेली कोपरं मांडीवर टेकून, वाट बघत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मान खाली घातली. नवरा बशीतले पोहे चमच्याने सारखे करत राहिला.

मग त्या उठल्या, आमच्या बश्या उचलल्या आणि आमची सुटका केली. इंग्रजीत विचारलं, येताना रस्त्यात बर्फ लागला का.