पाय थंड पडल्याचा निरोप

"सर, हाय तसं सांगा. गोड करून सांगू नका," असं म्हणत मावशी फोनची काच पदराने पुसायच्या आणि माझ्यापुढे धरायच्या.

कळमनुरीतल्या आमच्या शाळेत त्या सेविका होत्या. मी इंग्रजी शिकवतो. त्यांची एकुलती लेक हैदराबादला नर्स. तिच्या खोलीतली मैत्रीण केरळची. लेकीचा फोन लागला नाही की मावशी तुटक्या हिंदीत त्या मैत्रिणीला विचारायच्या, आणि ती उत्तर इंग्रजीत लिहून पाठवायची. तुमच्याही ओळखीत अशी एखादी आई असेल, लेकराने फोन उचलला नाही की जिचा जीव खालीवर होतो.

एकदा मैत्रिणीने लिहिलं, 'मी तिचा पाय ओढत होते.' इंग्रजी वाक्याचं हे मराठी फोननेच करून दिलेलं. मावशी दोन दिवस धड जेवल्या नाहीत, मग फोन घेऊन माझ्याकडे आल्या.

"संगं राहती अन् माझ्या लेकीचे पाय ओढती?"

"मावशी, इंग्रजीत पाय ओढणं म्हणजे थट्टा करणं."

"मंग थट्टा म्हणावं की. पाय काहून मधात आणावा?"

पुढे लेकीला आयर्लंडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. ती निघायच्या दिवशी आमच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटाच झाली नाही. घंटा मावशींकडे होती. मी वर्गाबाहेर आलो, तर त्या व्हरांड्यात अनवाणी उभ्या. फोनवर मैत्रिणीचा निरोप, खाली त्याचं मराठी : 'विमानतळावर तिचे पाय थंड पडले. ती फोन उचलत नाही.'

"ह्यांचे बी आधी पायच थंड पडले होते," त्या म्हणाल्या. "मी चोळत बसले होते."

मी मूळ इंग्रजी वाचलं. "मावशी, लेक बरी आहे. आपले हातपाय गळतात ना, तसे इंग्रजीत पाय थंड पडतात. ती घाबरलीय, एवढंच."

"खरं सांगून राहिले ना?"

"खरं."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. चेहरा मात्र तसाच राहिला. "घाबरली अन् मला न्हाई बोलली. बोलल कशी? मीच गल्लीभर पेढे वाटून आले."

पाऊण तास आम्ही आळीपाळीने फोन लावत होतो. शेवटी तिने उचलला. आधी नुसतं रडणंच ऐकू आलं. विमान निघून गेलं होतं.

"जाय म्हणत न्हाई, ये बी म्हणत न्हाई," मावशी म्हणाल्या. "तिथंच बसून राहा. मी येऊन राहिले."

नांदेडच्या पुढे त्या कधी गेल्या नव्हत्या. त्या दुपारी मी त्यांना हैदराबादच्या बसमध्ये बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या लेकीला घेऊन परतल्या. गल्लीत विचारणाऱ्यांना एकच उत्तर, "भ्याली होती. जाईल." तीन महिन्यांनी ती गेली.

गेल्या वर्षी मावशी निवृत्त झाल्या आणि लेकीने त्यांना तिकडे बोलावून घेतलं. निघायच्या सकाळी बसस्टँडवर त्यांनी माझ्यापुढे एक कागद धरला.

"इमानात भ्या वाटलं तर काय म्हणू, लिहून द्या. अन् हातपाय कायबी घालू नका त्यात."

मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'आय अ‍ॅम अफ्रेड'. शेजारी अर्थ लिहिला : मला भीती वाटते.

बस येईपर्यंत त्या ते तीन शब्द हळू आवाजात घोकत होत्या. बस सुटली, तेव्हाही खिडकीत त्यांचे ओठ हलत होते.